बाबा पडतील म्हणून त्यांना बाजेवरच बसवून ठेवायचं का?

धुऱ्यावरचा पळस:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतोय.

आर्वी तालुक्यात आमचं गाव. घरी आई-बाबा दोघंच, मी पुण्यात, बहीण अकोल्याला. बाबा ७४ वर्षांचे. पोळ्याच्या आधी न्हाणीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, कोपर सोललं आणि कमरेला मुका मार लागला. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, काही नाही, हिंडाफिरा.

पण बाबा हिंडतच नाहीत. आधी रोज सकाळी वावरात पायी जायचे, पऱ्हाटीतून चक्कर मारायचे, येताना ढोरांसाठी गवताचा भारा आणायचे. आता ओसरीतली बाज, संडास, पुन्हा बाज. घरातल्या घरात भिंत धरून, खाली पायाकडे बघत चालतात. दिवाळीत गेलो तेव्हा बाजेवरून उठताना दोन्ही हातांनी जोर लावत होते. मांड्या पार उतरल्यात. जरा बाहेर निघू म्हटलं की आईच आधी ओरडते, "काहून जाता आता? पडसान तं कोन उचलन तुमाले?" बहिणीचा फोनवर तोच धोशा.

आग्रह करून चालायला लावावं का? आणि आग्रह केला नि पडले तर? हाड मोडलं असतं तर डॉक्टरांनी बसवलं असतं. ही धास्ती घालवायला कुठे जायचं?

तर्रीवाला:
पहिला नंबर माझा. आमच्याकडे उलटा झमेला आहे. आबाजी ८१. माकडांनी कवेलू फोडले म्हणून परवा कोणाला न सांगता छपरावर चढले. खाली या म्हटलं तर म्हणे, आलोच आहे तर पूर्ण फेरूनच उतरतो. थोडी भीती उसनी पाठवता का तुमच्याकडची?

संत्रामोसंबी:
+१, अगदी आमच्या घरातलं वाचतेय असं वाटलं. सविस्तर नंतर लिहिते, सध्या वरण चुलीवर आहे.

फिजिओताई:
पळसभाऊ, हे फार घरांत दिसतं. पडून लागलेलं पंधरा दिवसांत बरं होतं आणि धास्ती वर्षभर राहते. कधीही न पडलेल्या माणसालाही ती असते, नुसतं शेजारच्या आजी पडल्याचं ऐकून. भीती वाटते म्हणून माणूस कमी चालतो, कमी चालला की मांडी-पिंडरीची ताकद उतरते, तोल जातो, आणि मग खरंच पडायची शक्यता वाढते. भिणारा माणूस अंग आखडून, बारीक पावलं टाकत, पायाकडे बघत चालतो. समोरचा गोटा त्याला उशिरा दिसतो.

पण आधी पडले कशाने ते शोधा. नुसतं घसरले की चक्कर आली? आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोनदा बीपी मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना गोळ्या दाखवा. झोपेची गोळी सुरू आहे का? मोतीबिंदू? रात्री लघवीला किती वेळा उठतात? हे न बघता चालायला लावू नका.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सांगते. खुर्चीवरून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. कोणीतरी जवळ उभं राहा.

आणि नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम सांगितलाय. वैद्यकीय संशोधन तपासून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसलं. नुसत्या चालण्याचा तसा ठाम पुरावा मिळाला नाही.

कोरडवाहू:
ताई, टक्केवारी चांगली आहे. उरलेले ७७ टक्के कोणाच्या घरी पडतात तेही सांगा.

माझी माय हिंडती-फिरती होती. तिला कोणी बसवून ठेवलं नव्हतं. अंगणात कोंबड्या हाकलताना पडली, खुबा गेला. अमरावतीला नेलं, ऑपरेशन झालं, चार महिन्यांत गेली. कष्टाची बाई, आयुष्यभर कापूस वेचला. तिले काय ताकद कमी होती?

गावात आता पोट्टे राहिलेत कुठे? सगळे पुणे-मुंबई-नागपूर. इथे म्हातारेच म्हाताऱ्यांना उचलून राहिले. पळसभाऊंची माय म्हणते, कोन उचलन. तिला मूर्ख ठरवू नका. तिचा प्रश्न बरोबर आहे.

फिजिओताई:
कोरडवाहूदादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. आईंना कोणी मूर्ख म्हणत नाही. आणि हिशेबाबद्दल: २३ टक्के म्हणजे शंभर वेळा पडणं होत होतं तिथे सत्त्याहत्तर वेळा झालं. पूर्ण थांबतं असा दावा कोणीच करत नाही. भीतीवर तर व्यायामाचा परिणाम थोडाच आहे. होतो, पण जादू नाही.

कष्ट म्हणजेच व्यायाम, हे मात्र अर्धंच खरं. वेचणीला दिवसभर वाकून उभं राहिलं की दम टिकतो, कंबर जाते. पाय अडखळला तर पटकन दुसरं पाऊल टाकून सावरायचं, एका पायावर भार घ्यायचा, ते वेगळ्याने येतं. संध्याकाळी थकलेल्या पायांनी तर अजून कठीण. म्हातारपणी हाडंही ठिसूळ होतात, बायकांची जास्त. तिथे कष्टाळूपणा कामी येत नाही.

रोवणी:
गोंदियाकडची आहे, आमच्याकडे धान. बांधीच्या धुऱ्यावरून डोक्यावर पेंढी घेऊन आई अजून चालते, वय ६९. धुरा वीतभर रुंद, दोन्हीकडे चिखल. मी गेले तर दोनदा बांधीत. यात तोल आलाच ना?

फिजिओताई:
आला, नक्की आला. खाली उकिडवं बसून हात न टेकता उठणं हेही फार चांगलं. त्या जे करतात ते बंद पडू देऊ नका. महिनाभर बंद राहिलं तर तो धुरा त्यांनाही अरुंद वाटायला लागेल.

पुणेरी पाहुणा:
सोसायटीच्या ज्येष्ठांसाठी आम्ही ‘ताई ची’ या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा वर्ग सुरू केला आहे, उत्तम अनुभव. शिवाय चांगले स्पोर्ट्स शूज, रबरी ट्रॅक आणि मनगटावर फॉल डिटेक्शनचं, म्हणजे माणूस पडला की ओळखणारं घड्याळ. बाबांना हे सहज देता येईल.

तर्रीवाला:
रबरी ट्रॅक आर्वीच्या कोणत्या दुकानात मिळतो ते कळवा. येताना मीटरभर माझ्यासाठीही आणतो.

फिजिओताई:
हसू नका हो, ताई ची ने पडणं कमी होतं याचा पुरावा आहे. शिकवणारा गावात नाही एवढंच. आणि बुटांचा मुद्दाही रास्त आहे. झिजलेली प्लॅस्टिकची चप्पल, मागे पट्टा नाही, तिने निम्मा घात होतो.

अंबाडीची भाजी:
सगळे आमच्याबद्दल बोलून राहिले, आमच्यातलं कोणी बोलतच नाही. मी ७१ ची, जिल्हा परिषदेची निवृत्त मास्तरीण, दारव्ह्याजवळ राहते. दोनदा पडले. दुसऱ्यांदाचं घरी सांगितलंच नाही. मनगट सुजलं होतं, भांडी घासताना मुरगळलं म्हणाले.

का लपवलं? लागण्याचं भ्या नसते बाप्पा, म्हातारपणी कुठे ना कुठे दुखतंच. पडल्याचं कळलं की दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या हाती माझी चप्पल जाते. विहिरीवर जाऊ नका, देवळात जाऊ नका, ओट्यावर चढू नका. मुलगा फोनवर "आई बसून राहा" म्हणतो तेव्हा त्याला वाटतं तो काळजी करतोय. मला ऐकू येतं, आई, आता तू कामाची नाहीस. तुमच्या बाबांना न्हाणीची भीती किती नि परावलंबी व्हायची किती, विचारून पाहिलं का?

पहिल्यांदा पडले ती एसटीत चढताना. सरकारने पासष्टीनंतर तिकीट अर्धं केलं, पंच्याहत्तरीनंतर पूर्ण माफ. पायरी मात्र सगळ्या वयांना तेवढीच. मागून लोक ढकलून राहिले, कंडक्टर डबल बेल मारतो. तेव्हापासून यवतमाळला जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोप लागत नव्हती. मग घरच्या ओट्याच्या पायरीवर सराव केला. चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली. चहा उकळेपर्यंत ओट्याला बोटं लावून टाचा उचलायच्या. आता बसमध्ये चढते. भीती गेली म्हणणार नाही, पण ती स्टँडवर उभी राहते नि मी निघून जाते.

संत्रामोसंबी:
मावशी, दंडवत.

आता माझं. वरुडकडे सासर. मामाजी ७८, दोन वर्षांपूर्वी हेच सगळं झालं. आम्ही भाषणं न देता घरातल्या जागा बदलल्या. न्हाणीत नवीन चकचकीत टाइल बसवली होती, पाणी पडलं की आम्हीच घसरायचो. ती काढायला पैसे नव्हते, म्हणून खरखरीत सिमेंटचा पट्टा ओढला आणि बसून अंघोळ करायला जड लाकडी पाट ठेवला. ओसरीपासून संडासापर्यंत बांबूचा कठडा केला. यांनी घट्ट रोवला, मी लोंबकळून पाहिलं. रात्रीसाठी छोटा बल्ब. उंबरठ्याला पांढरा रंग दिला, कारण संध्याकाळी तो दिसायचाच नाही.

काठीवरून मोठं महाभारत झालं. काठी धरली की लोक बुढा म्हणतील. मग कडक उन्हाळ्यातही नि हिवाळ्यातही छत्री घेऊन निघायचे. शेवटी घरातली बैल हाकायची जुनी तुतारी बाहेर काढली, खालचा टोचा काढून रबरी बूट ठोकला. ती घेऊन ते आज बाजारात ऐटीत हिंडतात. कोणी विचारलं तर सांगतात, बैल पाहायला चाललो.

फिजिओताई:
हे झकास. तुतारीची उंची तेवढी पाहा. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत यायला हवी. जो पाय दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ जण दुखऱ्याच बाजूला धरतात. छत्री नकोच, तिचं टोक फरशीवर सटकतं.

कोरडवाहू:
अवांतर: उन्हाळ्यात न्हाणीपेक्षा कूलर घातक. पाणी भरताना सांडतं, टाकी गळते, रात्री लघवीला उठलं की पाय त्यातच. आणि वायर नेमकी चालायच्या वाटेत.

तर्रीवाला:
कूलर खिडकीबाहेर ठेवा, स्टँडवर. आत ठेवणाऱ्याला विदर्भाचं नागरिकत्व मिळत नाही.

संत्रामोसंबी:
खिडकीबाहेर ठेवला तर खस माकडं ओढतात. तुमच्याच आबाजींच्या छपरावरची.

रोवणी:
कूलरवर वेगळा धागा काढा की. बाबांकडे या.

कोरडवाहू:
येतो. फिजिओताई, तुम्ही पडू नका म्हणून शंभर गोष्टी सांगितल्या. पडल्यावर उठायचं कसं ते कोणी शिकवत नाही. माझी माय अंगणात किती वेळ पडून होती आम्हाला माहीत नाही. घरात एकट्या बाईने काय करायचं, ते सांगा.

फिजिओताई:
दादा, सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा. लिहून घ्या.

पडल्यावर लगेच उठायची घाई नको. आधी पडल्या पडल्या हातपाय हलवून पाहायचे. खुब्यात कळ येत असेल, पाय टेकवत नसेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही आणि कोणी काखेत हात घालून उचलायचंही नाही. १०८ ला फोन, अंगावर घोंगडी, आणि हाक मारत राहायचं. घसा बसला तर वाटी जमिनीवर आपटायची.

तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं. कोपरावर जोर देऊन हात-गुडघ्यांवर यायचं. तसंच रांगत बाजेपाशी किंवा जड स्टुलापाशी जायचं. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती उलटते. दोन्ही हात बाजेच्या लाकडावर, ज्या पायात जास्त ताकद तो पुढे टेकवायचा, आणि हातापायांनी मिळून वर उठून लगेच वळून बाजेवरच बसायचं. पाच मिनिटं बसायचं, मगच उभं राहायचं.

हे धडधाकट असताना, घरात माणूस असताना, गोधडीवर करून पाहायचं. टोंगळे (गुडघे) फारच गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारून. ज्याला उठता येतं हे माहीत असतं त्याची निम्मी धास्ती तिथेच उतरते. एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल गळ्यात अडकवावा. बटणांचा साधा फोन चालतो.

अंबाडीची भाजी:
आज दुपारी केलं. कुशीवर वळेपर्यंत ठीक, रांगताना नातवाला वाटलं आजी घोडा झाली, पाठीवरच बसला. पण उठले.

पुणेरी पाहुणा:
वाचनखूण साठवली. घड्याळाचा सल्ला मागे घेत नाही, बाकी शिकलो.

धुऱ्यावरचा पळस:
सगळ्यांचे आभार. संक्रांतीला जाऊन आलो, म्हणून आता लिहितोय.

चक्कर नव्हती, साबणाच्या पाण्यावर पाय गेला होता. आरोग्य केंद्रात आडवं-उभं बीपी मोजून घेतलं, फारसा फरक नाही. पण उशाखाली झोपेच्या गोळ्यांची पट्टी सापडली. पडल्यानंतर कमरेच्या दुखण्याने झोप येत नव्हती म्हणून कोणाकडून तरी मागून आणली होती आणि चालूच होती. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितलं आहे. खुर्चीची तपासणी केली, १६ सेकंद.

अंबाडीमावशींनी विचारायला सांगितलं होतं तसं बाबांना विचारलं, नेमकी कशाची भीती वाटते? मला वाटलं होतं न्हाणी म्हणतील, नाहीतर वावरातली ढेकळं. त्यांनी सांगितलं, शेजारच्या घरासमोरची नाली. तिच्यावरची फरशी हलते, आणि पलीकडे ती भुरी कुत्री बसलेली असते. फरशीवर पाय टाकला नि ती भुंकत आली तर दोन्हीकडून गेलो, असा त्यांचा हिशेब. म्हणजे इतके महिने एका हलत्या फरशीपायी वावर बंद! मी आणि चुलतभावाने फरशी काढून खाली गोटे-सिमेंट भरून पक्की बसवली. कुत्रीचं काय करायचं ते आईने पाहिलं, रोज शिळी भाकर टाकते, आता ती बाबांच्या मागे शेपूट हलवत जाते.

आग्रहाबद्दल सांगायचं तर "व्यायाम करा" म्हटलं की बाबा तोंड फिरवतात. "तुरीला शेंगा किती धरल्या पाहून सांगा, मला पुण्यातून काय दिसते" म्हटलं तर उठले. पहिल्या दिवशी नालीपर्यंत, मग देवळापर्यंत. आई सोबत जाते. मला वाटायचं ती अडवते. खरं म्हणजे तिलाही एकटीला वावरात जायची धास्ती होती. दोघं मिळून आता निम्म्या वाटेवरच्या बाभळीपर्यंत जाऊन बसून येतात. बाजेच्या काठावरून हात न लावता उठायचा सराव सुरू आहे, दहाच्या आत शिव्या सुरू होतात.

बहीण अजून ऐकत नाही. तिला हा धागा पाठवलाय.

फिजिओताई:
फार छान. आमच्याकडे भीती मोजायची सोळा प्रश्नांची यादी आहे, घरकाम, अंघोळ, उतार, ओली जागा, गर्दी असं सगळं. नाली आणि भुरी कुत्री त्यात नाही. घरच्यांनी विचारल्याशिवाय कळत नाही. १६ सेकंदांवर लक्ष ठेवा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. चालताना फार गप्पा मारायला लावू नका. बोलायला लागल्यावर ज्याचे पाय थांबतात त्याचा तोल अजून कच्चा असतो.

रोवणी:
कोणाला वॉकर, काठी, कमोडची खुर्ची हवी असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, साठीच्या पुढच्या गरजूंना साहित्य फुकट, शिबिरात तपासून देतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री वेगळी, पासष्टीपुढे, त्यात एकदाच तीन हजार रुपये खात्यात येतात. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारा, नाहीतर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर.

कोरडवाहू:
काकाजींना शिबिरात चाकांचा वॉकर मिळाला. काळ्या मातीत चाकं रुततात. काकूने त्यावर पापड वाळत घातलेत. गावात राहणाऱ्याने काठीच मागावी, आणि तिचा रबरी बूट झिजला की बदलावा, सायकलच्या दुकानात मिळतो.